नीवर अडलेली चाल

वजाहत साहेबांनी तोंडातला विडा एका गालात सरकवला, टेबलावर बोटांनी ताल धरला आणि शीळ घातली. झालं ते एवढंच. पण माझा पेटीवरचा हात जिथल्या तिथं राहिला, भाता सुटला, आणि उस्मानाबादच्या सरकारी शाळेच्या त्या वर्गात भर दुपारी मला हुडहुडी भरल्यासारखं झालं. साहेब हैदराबादच्या रेडिओवरचे. जिल्ह्यात कोण गातं, कोण वाजवतं ते ऐकून दोन-चार माणसं निवडायला आलेले. मी उमरग्याहून पेटी घेऊन आलो होतो आणि नुकतीच त्यांना माझी सगळ्यात लाडकी चाल ऐकवली होती. माझीच चाल, माझेच शब्द, महादेवाचं भजन. शेवटी नेहमीप्रमाणं ती नीवर आणून सोडून दिली होती. नी म्हणजे साच्या उंबऱ्यावरचा सूर. तिथवर आलेला माणूस थांबत नाही, आत जातो. माझ्या चाली थांबतात. हीच त्यांची खुबी, असं मी दहा वर्षं मानत आलो होतो. साहेब हसले आणि म्हणाले, "पंचाक्षरी मियाँ, ये तो विलायती तर्ज है. फ़िडल की एक रेकॉर्ड आती थी, उसका पहला रुख़ आपने गा दिया. दूसरा कहाँ छोड़ आए?" मी म्हणालो, "दुसरा?" तेव्हा त्यांनी विडा सरकवला. शीळ नीपासून निघाली, जरा वर जाऊन रेंगाळली, आणि मग तीन पायऱ्या उतरून सावर येऊन बसली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. "बस," साहेब म्हणाले, "इतना जोड़ दीजिए. कल मुझे काम है, परसों जुम्मे की छुट्टी. हफ़्ते की सुबह पूरा करके लाइए, हैदराबाद ले चलता हूँ. साज़वालों में एक जगह ख़ाली है." हफ्ता म्हणजे त्यांचा शनिवार. मी "जी" म्हणालो, पेटी उचलली आणि बाहेर आलो.

हात्तिच्या! ज्या शेवटासाठी मी सोळाव्या वर्षापासून झुरलो, तो एका पानखाऊ माणसानं, ओठांच्या कोपऱ्यातून लाल थुंकी सांभाळत, सहज वाजवून दाखवला. आणि झुरलो म्हणजे काय, शेवट असतो हेच मला ठाऊक नव्हतं. कुणी म्हणेल, तबकडीला दोन बाजू असतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. कळतं ना! पण आमच्या तबकड्या कशा असायच्या? एका बाजूला एक गाणं. ते तिथंच सुरू व्हायचं, तिथंच संपायचं, आणि शेवटी बाई ठसक्यात आपलं नाव सांगायची, की बाबांनो, मी अमकी तमकी, झालं माझं. उलटी बाजू म्हणजे दुसरं गाणं. एकच गाणं या अंगावरून त्या अंगावर जातं, पोळीसारखं उलटून घ्यावं लागतं, हे उमरग्यात कुणाच्या बापानं ऐकलं होतं? त्यात त्या विलायती तबकडीची दुसरी बाजू खराब होती. खिळ्यानं ओढावी तशी कडेपासून मधल्या कागदापर्यंत रेघ गेलेली. पिन टेकली की सरर करून घसरायची. आम्ही म्हटलं, जाऊ दे, एक गाणं गेलं, एक तर आहे. ते एक गाणं नीवर येऊन थांबायचं आणि पुढं नुसती खरखर. विलायती गाणं असंच संपतं, असं मी ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी सगळ्यांना सांगत सुटलो.

ती तबकडी अण्णारावांची. उमरग्याच्या पेठेत त्यांची अडत होती आणि माझे वडील, महांतप्पा, त्यांच्याकडं मापाडी. हैदराबादच्या सडकेवर त्यांच्या गाड्यांची ये-जा असायची, तसाच कधीतरी सिकंदराबादेहून, मायदेशी निघालेल्या कुणा गोऱ्या सार्जंटचा फोनो त्यांच्याकडं आला. ती तबकडी झाकणात अडकून राहिलेली होती. तिच्यावरचा कागद खरवडलेला, नाव ना गाव. अण्णारावांनी ती एकदा ऐकली आणि म्हणाले, "मांजराच्या शेपटीवर कुनी पाय दिलाय की काय," आणि पुन्हा कधी हात लावला नाही. हात लावायची ती जगदेवी, त्यांची मुलगी. दुपारी अण्णाराव जेवून लवंडले की मी वडिलांची भाकरी दुकानात पोचवून मागच्या दारानं त्यांच्या सोप्यात जायचो. मी सोळाचा, ती तेराची. ती चावी द्यायची, मी पिन ठेवायचो. चावी देताना तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या एकदम कोपराकडं जायच्या आणि हात थांबला की खाली यायच्या. पिनांची डबी होती पत्र्याची, तिच्यावर कुत्र्याचं चित्र. सोप्यात सरकीचा वास असायचा, कडवट, तेलकट. तिच्या केसांना करंजाच्या तेलाचा वास. हे सगळं मला आजही जसंच्या तसं सांगता येतं. फिडल सुरू झालं की आम्ही दोघंही बोलत नसू. मला त्या वेळी वाटायचं की हे सूर कुठल्या तरी अशा गावातून येतायत जिथं ऊन नाही, धूळ नाही, मापाड्याचा पोर आणि अडत्याची लेक असलं काही नाही. तिला काय वाटायचं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण त्या वयात आपल्याला वाटतं तेच समोरच्याला वाटतंय असं गृहीत धरण्याची एक मस्ती असते, आणि ती माझ्यात जरा जास्तच होती.

दोन वर्षांत तिचं लग्न झालं. लोहाऱ्याच्या माणिकप्पांशी, चांगलं घर, पंचवीस एकर काळी. वऱ्हाड निघालं तेव्हा मी मठाच्या ओट्यावर बसून मुद्दाम पेटीचे काळे-पांढरे पडदे साफ करत होतो. फोनो तिच्याबरोबर गेला नाही. ती तबकडी पुढं कधीतरी माळ्यावरून पडून फुटली. पण तोवर माझं व्हायचं ते नुकसान, किंवा जे काय असेल ते, होऊन गेलं होतं. मी चाली बांधायला लागलो होतो. शाळेत मास्तरकी मिळाली, मठात सोमवारच्या भजनाला पेटी माझ्याकडं आली, आणि मी त्या गरीब भजनी मंडळींवर विलायत सोडली. तीन-तीन मात्रांचे झोके दिले. एकाच हाताच्या बोटांनी दोन-दोन सूर एकदम दाबले, कारण त्या तबकडीत फिडलच्या खाली बाजा तसा वाजायचा. ईरण्णा टाळकरी म्हणजे मंडळींतला म्हातारा, तो कानावर हात ठेवून म्हणायचा, "आरं पंचाक्षरी, ते दोन सूर भांडायलेत की रं! सोडव त्यांना." आणि प्रत्येक चाल नीवर सोडून दिली. सोळा चाली बांधल्या, सोळाच्या सोळा नीवर लोंबत्या. ईरण्णा ओरडायचा, "खाली उतरव की, लेका! आमचा जीव टांगनीला लावलास." पेठेत पोरं मला लोंबता मास्तर म्हणायची. मी आतून खूश व्हायचो. यांना काय कळतं, म्हणायचो. यांच्या बापानं फिडल ऐकलंय काय.

एकदाच शरम वाटली. दोन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा. आमच्यात मयताला बसवून नेतात, मखरासारखं विमान सजवतात, पुढं भजन चालतं. वडिलांना माझी हीच चाल आवडायची, निदान ते तसं म्हणायचे, म्हणून मंडळींनी तीच धरली. पेठेतून निघालो, ओढा ओलांडला, मातीच्या जागेशी पोचलो, आणि भजन थांबेना. शेवटची ओळ नीवर यायची, सा मिळायचा नाही, सवयीनं सगळे पुन्हा पहिल्या ओळीवर जायचे. जंगम स्वामी हातात बेलपत्रं घेऊन उभे. एकदा झालं, दोनदा झालं. स्वामींनी ईरण्णाकडं पाहिलं, ईरण्णानं माझ्याकडं पाहिलं, मी पेटी गळ्यात घेऊन वडिलांकडं बघत उभा. शेवटी कुणी इथं थांबला, कुणी तिथं, एक टाळ उगीच मागून वाजला, आणि मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या बापाच्या मातीला लोक हसले. आईनं त्या रात्री जेवायला वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "बाबांला नीट निरोप तरी द्यायचास." मी तरीही चाल बदलली नाही. का, ते आईला सांगता आलं नाही. त्या नीपाशी उभं राहिलं की मला सोप्यातली ती दुपार परत मिळायची. पिन खरखरायची, आणि जगदेवी चावीवरून हात काढून माझ्याकडं बघायची. त्या नीच्या पुढं सा होता की नव्हता, मला काय करायचं होतं? मला तिथंच थांबायचं होतं.

तर हे सगळं डोक्यात घेऊन, पेटी खांद्यावर मारून, मी त्या बुधवारी उस्मानाबादेत भटकत होतो. फसली तेराशे पंचावन्न, म्हणजे इंग्रजी शेहेचाळीस साल, उन्हाळ्याचे दिवस. कचेरीवरून गेलो, पेठेतून गेलो. एका हॉटेलात चहा मागवला आणि तो तसाच ठेवून उठलो, मालक मागून ओरडला. मला राग आला होता. कुणाचा, ते कळत नव्हतं. मी स्वतःला म्हणत होतो, बाबा रे, तुझी विलायत म्हणजे अर्धी तबकडी. तुझी खुबी म्हणजे एका खिळ्याची रेघ. पण त्या रागाच्या तळाशी दुसरंच काहीतरी वळवळत होतं. साहेबांची शीळ मला नवी वाटली नव्हती. मी दर्ग्याच्या भिंतीच्या सावलीत बसलो, पेटी उघडली, हळूच ते सूर वाजवून पाहिले. नीपासून वर, जरा रेंगाळून, मग तीन पायऱ्या खाली. कुठंतरी ऐकलंय. पण अगदी असं नाही. याच वाटेचं, पण दुसऱ्या पावलांचं. एक फकीर समोर बसला होता, तो म्हणाला, "अच्छा है, फिर से बजाओ." मी फिर से बजाओ केलं. आणि चौथ्या-पाचव्या वेळी हात थांबला, कारण मला आठवलं.

जगदेवी गुणगुणायची. तबकडी संपली, मी पिन उचलली, की ती पुन्हा चावी द्यायला लागायची, आणि चावी देता देता तोंड मिटून गुणगुणायची. फिडल जिथं थांबायचं तिथून पुढं. तिनं कुठं ऐकलेलं असणार? दुसरी बाजू तर वाजतच नव्हती. तिचं तिलाच सुचायचं. गाणं बाहेर राहिलंय, त्याला आत घ्यावं, एवढं त्या पोरीला न शिकता कळत होतं. आणि मी काय केलं? मी, विलायती संगीताचा उमरग्यातला एकमेव जाणकार! मी तिला म्हणालो, "गप. विलायती गाणं असं उतरत नसतं. तुला काय कळतंय?" चावी देणारा तिचा हात थांबला. बांगड्या खाली आल्या. त्यानंतर तिनं कधी गुणगुणलं नाही. मला ते जाणवलंसुद्धा नाही. मला तेव्हा वाटलं, आता कसं, शांत ऐकता येतं.

मी त्या भिंतीशी दिवस कलेपर्यंत बसलो आणि तिचे ते सूर शोधत राहिलो. चार-पाचच असतील. पहिला कुठला, आठवतंय असं वाटायचं. ती साहेबांच्या शिळेसारखी वर जात नव्हती, सरळ उतरतही नव्हती. मध्ये कुठंतरी ती एका सुरावर अशी काही कलायची की... कशी? कुठल्या सुरावर? पिनांच्या डबीवरच्या कुत्र्याचा एक कान काळा होता, हे आठवत होतं. त्या दिवशी तिच्या परकराला हळदीचा डाग होता, हे आठवत होतं. सूर तेवढे गेले होते. जाणारच. मी ऐकलेच नव्हते. गप कर म्हणण्यात गुंतलो होतो ना! मी ग म्हणून पाहिला, कोमल ग म्हणून पाहिला, धवरून आलो, मवरून आलो. प्रत्येक वेळी कुणी तरी परकं माणूस गातंय असं वाटायचं. फकीर कंटाळून निघून गेला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी ते पुसलंही नाही, कारण उस्मानाबादेत मला ओळखतंय कोण. साहेबांचा शेवट माझ्या बोटांत होता. तो जोडला की हैदराबाद. मास्तरकी सुटणार, ईरण्णाचा टाळ सुटणार, खरे साजवाले भेटणार, खरं फिडल डोळ्यांनी बघायला मिळणार. मला हवं होतं ते. खोटं कशाला बोलू, फार हवं होतं. पण त्याच्याआधी मला जगदेवीचे ते चार सूर हवे होते. ते घेतल्याशिवाय ही चाल कुणाच्या हातात द्यायची म्हणजे मला चोरी वाटायला लागली.

गुरुवारी पहाटेची मोटार धरली. तुळजापूर, नळदुर्ग करत हमरस्त्यावर उतरलो आणि पुढं कडब्याच्या एका बैलगाडीत बसून लोहारा गाठलं. माणिकप्पांचं घर विचारायला लागलं नाही, वेशीतल्या माणसानं बोटच दाखवलं. ओसरीवर जगदेवीची सासू, रुद्रम्मा, शेंगा फोडत बसली होती. कपाळावर तीन बोटं विभूती, नजर करडी.

"कुठलं पाव्हनं?"

"उमरग्याचा. अण्णाराव अडत्यांच्या शेजारचा. महांतप्पा मापाड्यांचा लेक."

"बसा की मग. माणिकप्पा रानात गेलाय." आणि आत बघून, "आगं, तुझ्या म्हायेरचं कुनी आलंय, पानी आन."

ती आली. डोईवर पदर, कडेवर एक पोर, दुसरं पायात घोटाळत. अंगानं भरली होती, आणि डोळ्यांखाली काळं होतं. मला बघून एक क्षण थांबली, मग तांब्या पुढं ठेवून म्हणाली, "कधी आलाव, अण्णा?" मला ती कधीच अण्णा म्हणाली नव्हती. पंचाक्षरी म्हणायची, चिडली की मास्तर म्हणायची, मी मास्तर नव्हतो तेव्हासुद्धा. आता सासूसमोर मी अण्णा झालो, आणि ते बरोबरच होतं. मी तांब्या तोंडाला लावला. माझ्या आईची, अण्णारावांच्या तब्येतीची बातमी सांगून झाली. पुढं काय बोलावं? मी येताना सगळं ठरवलं होतं, आणि आता त्या ओसरीवर, शेंगांच्या टरफलांत बसून, एक माणूस चार सुरांसाठी चाळीस मैल आला हे सांगायचं कसं? शेवटी सांगितलंच. रेडिओचे साहेब, हैदराबाद, दुसरी बाजू. रुद्रम्माला कळलं नाही तरी ती ऐकत होती. "त्या तबकडीच्या पुढं तू काहीतरी म्हणायचीस," मी जगदेवीला म्हणालो. "शेवटाला. चावी देताना. ते मला पाहिजे."

रुद्रम्माचा शेंग फोडणारा हात थांबला. "आमची सून गाती व्हय? आगं बाई! नऊ वरीस झाली, कवा ऐकलं न्हाय म्या. पोरास्नी निजवताना बी न्हाय."

जगदेवी हसली. "न्हाय ओ आत्या. ल्हानपनीचं काय बी सांगाय लागलेत." आणि कडेवरच्या पोराचं नाक पदरानं पुसलं.

मी पेटी उघडली. तिथंच, ओसरीवर. चाल वाजवली, हलक्या आवाजात म्हटली, नीपाशी आलो आणि थांबलो. सूर धरून ठेवला. भाता हलवत राहिलो. पायातलं पोर पेटीच्या पडद्यांकडं बघत तोंडात बोट घालून उभं राहिलं. जगदेवीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, तिचा गळा हललेला मी पाहिला, शपथ घेऊन सांगतो. मी भाता हलवतच राहिलो. मग तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "चुलीवर दूध हाय," आणि आत गेली. रुद्रम्मा म्हणाली, "झालं व्हय? बरं हाय की." मी पेटी मिटली.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. निघताना रुद्रम्मा पाय दुखतात म्हणून ओसरीवरच राहिली आणि जगदेवी माझ्या पेटीच्या फडक्यात शेंगा बांधून द्यायला अंगणाच्या दारापर्यंत आली. तिथं कुणी ऐकणारं नव्हतं. मी म्हणालो, "माझं चुकलं. तुला गप म्हणालो ते. मला तेव्हा अक्कल नव्हती." ती गाठ मारत होती, ती पुरती मारून झाल्यावर बोलली.

"तू गप म्हनलास, म्या गप झाले. त्याचं काय वाईट वाटलं न्हाय एवढं. पर मागनं कुनी 'म्हन' म्हनलंच न्हाय. म्हायेरला न्हाय, हितं न्हाय."

"आता मी म्हणतोय ना. म्हण."

"आता काय येतंय, पंचाक्षरी?" तिनं माझं नाव घेतलं. "लई बारी आठवाया बघितलं. भाकरी थापताना, दळताना. कुठवर तरी येतंय, पुढं जात न्हाय. तुझ्यावानीच झालंय." आणि मग घाईनं, "तू त्या सायेबाचं लाव शेवटाला. लाव, आन् जा हैदराबादला. हितं सडून काय करनारायस?" आतून पोर रडलं आणि ती गेली. फडकं माझ्या हातात होतं. कडब्याची गाडी परत जायची होती, गाडीवाला हाका मारत होता.

परतीच्या वाटेवर मी शुक्रवारभर नळदुर्गात अडकलो, मोटारीचं चाक बसलं होतं. बरंच झालं म्हणायचं. दिवसभर किल्ल्याच्या तटाखाली बसून बोटांना साहेबांचा शेवट घोकायला लावला. गुळगुळीत बसला. चांगलाच होता तो, त्यात खोट काढायला जागा नव्हती. कुठल्या तरी शहाण्या गोऱ्या माणसानं विचार करून बांधलेला. कुणी ऐकेल तर म्हणेल, आता कसं. ईरण्णा म्हणेल, आता उतरलास, लेका. आई म्हणेल, हेच बाबांच्या वेळी का नाही? मी ठरवलं होतं, वाजवायचं. जगदेवीनं स्वतः सांगितलंय. आणखी काय पाहिजे?

शनिवारी सकाळी साहेबांचं सामान वर्गाबाहेर बांधून ठेवलेलं होतं. आत आणखी दोघं-तिघं आपापली वाद्यं घेऊन बसले होते, एक सनईवाला, एक कव्वाल. साहेबांनी मला ओळखलं, हसून हात केला. समोर कागद, कागदावर वरच्या बाजूला उर्दूत माझं नाव लिहिलेलं मला दिसत होतं. मी सुरू केलं. त्या दिवशी आवाज लागला होता, कधी लागला नाही असा. तीन मात्रांचे झोके छान पडत होते, एकदम दाबलेले दोन सूरसुद्धा भांडत नव्हते. कव्वाल मान हलवायला लागला. साहेबांनी डोळे मिटले. मी नीवर आलो. बोटं पुढच्या पडद्यावर गेलेलीच होती, दाबायचा अवकाश. आणि मला दिसलं की तिथं साहेबांची शीळ ठेवली, की ते सुबक दार एकदाचं लागलं. जगदेवीच्या घशात नऊ वर्षं कुठवर तरी येऊन अडकणारं जे होतं, त्याला यायला मग जागाच राहणार नाही. मी बोट उचललं. भाता थांबवला.

साहेबांनी डोळे उघडले. "आगे?"

"आगे का मेरा नहीं, साब."

"फिर किनका है?"

"है एक. उनो अब गाते नहीं."

साहेब चिडले नाहीत, हे मला अजून खुपतं. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, बाहेरच्या सामानाकडं पाहिलं, आणि अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "मियाँ, गाड़ी खड़ी है. जिनका है, उनसे पूछ लेते. लेके आते."

"पूछके आया, साब," मी म्हणालो.

त्यांनी कागदावर रेघ मारली आणि सनईवाल्याला पुढं बोलावलं.